माझी सीट



आजचं चिंतन गीतेच्या बाराव्या अध्यायातल्या तेराव्या श्लोकावर. भगवंतांना कसा भक्त आवडतो, हे इथून पुढे सांगितलंय. कुणाचा द्वेष नाही, सगळ्यांशी मैत्री, करुणा, क्षमा. त्यातच एक छोटासा शब्द आहे, 'निर्मम'. म्हणजे ज्याचं 'माझं माझं' सुटलंय असा.

हा शब्द मी बऱ्याचदा वाचला होता. थोडाफार कळला तो ट्रेनमध्ये.

मी धुळ्याचा, नोकरी पुण्यात. घरी जायचं तर रात्रीच्या गाडीने चाळीसगावला उतरायचं आणि तिथून धुळ्याची गाडी धरायची. त्या दिवशी महिनाभर आधी काढलेलं तिकीट होतं, लोअर बर्थ. एक आजी आल्या. त्यांना वरचा बर्थ मिळाला होता. "बाळा, मला वर चढता येत नाही रे, बदलतोस का?"

मी म्हणालो, "आजी, मी मुद्दाम खालची सीट घेतलीये." आणि कानात इअरफोन घातले. समोरचा एक मुलगा काही न बोलता वर गेला, आजी त्याच्या जागेवर झोपल्या. मी डोळे मिटले. अपराधी वाटू नये म्हणून लवकर मिटले, हेही सांगून टाकतो.

जाग आली तेव्हा गाडी उभी होती. खिडकीतून पिवळी पाटी दिसली: जळगाव! चाळीसगाव कधीच मागे पडलं होतं. मोबाइलचा अलार्म इअरफोनमध्येच वाजून गेला असावा, आणि इअरफोन उशीखाली.

मी धडपडत बॅग काढत होतो. आजी जाग्याच होत्या. त्यांना भुसावळला उतरून पुढे कोथळीला मुक्ताईच्या दर्शनाला जायचं होतं. म्हणाल्या, "अरे, चाळीसगाव आलं तेव्हा मी जागीच होते. सांगितलं असतंस तर हाक मारली असती."

त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

आपल्या खानदेशात डब्यात बसल्या बसल्या लोक विचारतात, "कथा जाई ऱ्हायना, भाऊ?" मला ती चौकशी वाटायची, नसती उठाठेव. पण त्या एका प्रश्नात सगळ्या डब्याची व्यवस्था असते. कोण कुठे उतरणार ते कळतं, मग कुणीतरी उठवतं, बॅगेवर लक्ष ठेवतं, भाकरीवर ठेचा ठेवून पुढे करतं. मी माझा बर्थ राखला आणि या सगळ्यातून स्वतःच बाहेर पडलो.

आता प्रश्न असा की मी चुकलो का? नियमाने नाही. तिकीट माझं होतं. कुणाची पाठ दुखत असेल, कुणी आजारी असेल, तर त्याने जरूर नाही म्हणावं. गीता हक्क सोडून द्या असं सांगत नाही, असं मला वाटतं. पण माझी पाठ दुखत नव्हती. मला फक्त 'माझी' सीट हवी होती. आणि 'नाही' म्हटल्यावरही दोन शब्द बोलता आले असते. तेही मी केलं नाही.

गंमत बघा, चाळीसगाव मागे पडल्यावर तो बर्थ माझा नव्हताच. तिकीट तिथेच संपलं होतं. जळगावपर्यंत मी दुसऱ्याच्या जागेवर झोपलो होतो, आणि तरी मनात 'माझी सीट'च होती. या देहाचं, घराचं, पदाचं तरी वेगळं काय आहे?

पुढे तिकीट तपासनिसाला जाऊन सांगितलं, जादा पैसे भरले आणि एरंडोल-पारोळ्यावरून एसटीने धुळं गाठलं. वाटेत मुक्ताईची आठवण येत राहिली. ज्ञानोबा ताटी लावून बसले तेव्हा ती उघडायला लावणारी तीच. माझी ताटी म्हणजे ते इअरफोन!

आजचा संकल्प: पुढच्या प्रवासात शेजारच्याला आपण होऊन विचारायचं, "कुठे उतरणार?"

राम कृष्ण हरी 🙏