आईच्या चालीने लुर्द



उन्हाळी सुट्टीचे बेत ठरू लागले की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. “फादर, आईला लुर्दला न्यायचंय, पण तिचे गुडघे गेलेत. न्यावं का?” प्रश्न प्रवासाचा दिसतो. आम्हांला त्यात नीतीचा प्रश्न अधिक दिसतो.

आईवडिलांचे ऋण पुरते फिटत नाही, असे अ‍ॅरिस्टॉटलने म्हटले आणि संत थॉमस अक्वायनस यांनी ते मान्य केले. तरीही काहीजण ते एका सहलीत फेडायला निघतात. दहा दिवसांत पाच देश, रोज नवे हॉटेल, पहाटे पाचला बॅगा दाराबाहेर. आई धापा टाकत मागे. फोटो मात्र छान येतात! हा खर्च तिच्यासाठी झाला की आपल्या समाधानासाठी?

दुसऱ्या टोकाला, तिला न विचारताच ‘तिला झेपणार नाही’ असे ठरवणारे आहेत. “तुम्ही जा, मी घर सांभाळते,” हे वाक्य आपल्या घरांत नेहमीचेच. त्यात खरी अनिच्छा किती आणि ओझे होण्याची भीती किती, हे घाईत विचारून कळत नाही. निवांत बसून पुन्हा विचारावे. खरेच नको असेल तर तेही मानावे. गुडघे गेले म्हणून तिचा निर्णय आपल्या हाती येत नाही.

जायचे ठरले, तर चाल तिची धरावी. डॉक्टरांना आधी विचारावे, औषधे हातातल्या बॅगेत ठेवावीत. शेंगेन व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला तिला स्वतः जावे लागते (गेल्या ५९ महिन्यांत दिले असतील तर सहसा नाही), तेव्हा त्या दिवशी दुसरे काम काढू नये. विम्यात जुने आजार लपवू नयेत. एकाच ठिकाणी चार-पाच रात्री राहावे. खोली घेताना लिफ्ट आणि न्हाणीघर यांची चौकशी आधी करावी, खिडकीतल्या देखाव्याची नंतर. व्हीलचेअर मागायला आपल्याकडे उगाच कमीपणा वाटतो. युरोपातील विमानतळांवर ही मदत २००६ च्या नियमानुसार विनामूल्य मिळते. विमान कंपनीला ४८ तास आधी कळवावे.

लुर्दला तर हा कमीपणा टिकतच नाही. १८५८ साली बर्नादेतला मरियामातेचे दर्शन झाले ती गुंफा नदीकाठी, सपाटीवर आहे. तेथे स्वयंसेवक आजाऱ्यांच्या गाड्या ओढतात, मिरवणुकीत आजाऱ्यांना मानाची जागा असते. क्रूसाची वाट टेकडीवरून जाते, चढ चांगलाच आहे. पण ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी खाली सपाटीवर दुसरी वाट केली आहे.

आता कुटुंबाने काय करावे? सगळे वर आणि आई खाली बाकावर पर्स सांभाळत, असे होऊ नये. ‘तुझ्यामुळे आमचं वर जायचं राहिलं’ असेही तिला वाटू देऊ नये; आई असे शब्द चेहऱ्यावरूनही वाचते. आमचे मत असे, की खालची वाट सर्वांनी मिळून तिच्याबरोबर करावी, स्थानांपाशी तिला हवे तितके थांबू द्यावे. ज्यांना टेकडी चढायचीच आहे त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी, ती झोपलेली असताना, आळीपाळीने चढावी. एकाने खोलीवर थांबावे.