विमानातले सुतक

परदेशात राहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला आई-वडिलांच्या निधनाची बातमी कळली, की दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात: तिकिटाची शोधाशोध आणि सुतक. पहिली सगळ्यांना दिसते, दुसरीबद्दल मात्र घराघरांत गोंधळ असतो. न्यू जर्सीहून पुण्याला निघालेला माणूस वाटेत सुतकात असतो की नसतो? प्रवासाचे वीस-बावीस तास दहा दिवसांत धरायचे, की घरी पोचल्यावर मोजणी सुरू करायची? अग्नी द्यायला वेळेवर पोचता आले नाही, तर पुत्रधर्म चुकला का? प्रश्न विमानयुगातले वाटतात. पण दूरदेशी असलेल्या आप्ताचा विचार धर्मशास्त्राने फार पूर्वी आणि बारकाईने केला आहे, आणि त्यातली उत्तरे आजच्या प्रवाशाला प्रचलित समजुतींपेक्षा अधिक आधार देणारी आहेत.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातला नियम असा: परदेशी वारलेल्या सपिंडाची, म्हणजे जवळच्या भाऊबंदाची, बातमी दहा दिवसांच्या आत कळली, तर दहातले उरलेले दिवस सुतक, दहा दिवस उलटल्यावर कळली, तर तीन रात्री, वर्ष उलटल्यावर कळली, तर केवळ स्नान. आई-वडिलांच्या बाबतीत ही सवलत नाही. पैठीनसीच्या नावावर असलेले आणि पुढच्या निबंधकारांनी, म्हणजे धर्मशास्त्राचे संकलन करणाऱ्या ग्रंथकारांनी, मान्य केलेले वचन सांगते, की मुलगा कितीही दूर असला, बातमी कितीही उशिरा पोचली, तरी ऐकल्या दिवसापासून त्याने पूर्ण दहा दिवस पाळावेत.

या नियमांत एक तत्त्व आहे. मरण घडते एका क्षणी, पण दूरच्या माणसावर त्याचे बंधन येते ते मरण कळल्यावर. वडील गेले आहेत हे ज्याला ठाऊक नाही, तो त्या काळात जेवला, हसला, देवपूजा करून बसला, तरी त्याच्याकडे दोष जात नाही. कळल्यानंतर मात्र तो कुठे आहे याला महत्त्व राहत नाही. मनूने ऐकल्यानंतरचे पहिले कृत्य सांगितले आहे ते अंगावरच्या वस्त्रांसह स्नान, म्हणजे सचैल स्नान. ते घरच्या विहिरीवर करावे असे म्हटलेले नाही. जिथे ऐकले तिथे करावे. फोन ठेवून न्हाणीघरात शिरणारा आणि कपड्यांनिशी शॉवरखाली उभा राहणारा मुलगा शास्त्राच्या दृष्टीने सुतकात आलेला आहे. विमानतळ, सुरक्षा तपासणी, चौदा-पंधरा तासांचे उड्डाण हे सगळे त्यानंतरचे आहे. हा प्रवास सुतकाआधीची रिकामी जागा नव्हे, सुतकाचाच भाग आहे.

‘देशांतर’ कशाला म्हणायचे यावरही खल झालेला आहे. मध्ये महानदी किंवा पर्वत आडवा आला, भाषा बदलली, की देशांतर, असे एक लक्षण. योजनांच्या हिशेबाने अंतर ठरवणारी मतेही आहेत. बृहस्पतीच्या नावाने येणारे एक लक्षण या सर्वांहून निराळे आहे: जिथली वार्ता दहा रात्रींत ऐकू येत नाही, ते देशांतर. कमलाकरभट्टाचा निर्णयसिंधू (1612) आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय ऊर्फ बाबा पाध्यांचा धर्मसिंधू (1790) हे महाराष्ट्रात प्रमाण मानले गेलेले ग्रंथ लिहिले गेले, तेव्हा बातमी आणि माणूस एकाच वेगाने चालत होते. सांडणीस्वाराने आणलेली चिठ्ठी आणि सांडणीवरून परत निघालेला मुलगा यांना तोच रस्ता आणि साधारण तेवढेच दिवस लागत.

ही जोडी पुरती तुटली ती 1870 मध्ये. सुएझ–एडन–मुंबई अशी समुद्राखालची तार पडली आणि लंडनशी थेट तारेने बोलणे होऊ लागले. सुएझ कालवा नुकताच, 1869 मध्ये, खुला झाला होता. तरीही बोटीने मुंबईला यायला सुमारे तीन आठवडे लागत. बातमीच्या लक्षणाने पाहिले तर विलायत देशांतर उरली नाही; शरीराच्या दृष्टीने मात्र ती दहा दिवसांच्या कितीतरी पलीकडे राहिली. त्या काळात परतणाऱ्यापुढे दुसरेच संकट असे. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवास पातकांत गणला आहे आणि कलिवर्ज्यांत, म्हणजे कलियुगात निषिद्ध ठरवलेल्या गोष्टींतही, तो येतो, त्यामुळे परत आलेल्याला पंक्तीत घ्यायचे की नाही यावरच वाद पेटत. पितृशोकात घरी आलेल्या माणसाला आधी प्रायश्चित्ताबद्दल विचारणे ही त्या व्यवस्थेची निष्ठुरता होती. 1948 च्या जूनमध्ये एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले, आणि नंतरच्या काही दशकांत हा प्रश्न गाजावाजा न होता मिटला. आज बातमी क्षणात पोचते आणि शरीर एका दिवसात. मधला तो एक दिवस विमानाच्या इकॉनॉमी वर्गात जातो.

तिथे सुतकाचे नियम कसे पाळायचे? याज्ञवल्क्य स्मृतीने सुतक्यांसाठी सांगितलेल्या मुख्य गोष्टी दोन: विकत घेतलेले किंवा आपोआप मिळालेले अन्न खावे, आणि जमिनीवर वेगवेगळे निजावे. पहिला नियम विमानात आपसूक पाळला जातो. तिकीट काढताना एव्हीएमएल या खुणेचे शाकाहारी जेवण नोंदवलेले असते. पुढ्यातल्या फळीवर फॉइलने झाकलेला भात, डाळ, पाव आणि लोण्याची वडी येते. त्यातले काहीही घरच्या चुलीवरचे नसते. सुतकात घरची चूल पेटत नाही, शेजारी-पाजारी जेवण आणून देतात, त्यामागचा विचारही हाच: शोकात असलेल्याने स्वतः रांधू नये, दुसऱ्याने दिलेले घ्यावे. दुसरा नियम पाळणे अशक्य. पुढच्या रांगेपासून सुमारे एकतीस इंचांवर असलेल्या खुर्चीत जमीन मिळत नाही आणि वेगळेपणही मिळत नाही. मधल्या आसनावरच्या माणसाची दोन्ही कोपरे अनोळखी माणसांना लागलेली असतात. खिडकीजवळच्याला उठायचे असते, पलीकडचा झोपेत मान टाकतो. समोरच्या पडद्यावर नकाशात विमानाची छोटी आकृती कास्पियन समुद्राकडे सरकत असते आणि खाली उरलेले तास दिसत असतात.

सुतक्याच्या या स्पर्शाचे काय, या शंकेला स्मृतींत थेट उत्तर आहे. तीर्थ, विवाह, यात्रा, युद्ध, देशावरचे संकट अशा प्रसंगी शिवाशिवीचा दोष लागत नाही, हे वचन निबंधकारांनी वारंवार दिले आहे. त्याचा मूळ रोख गर्दीवर आहे. जिथे वेगळे राहणे माणसाच्या हातात नाही, तिथे वेगळे न राहिल्याचा दोष त्याच्या माथी मारता येत नाही. हे वचन विमानाला लावणे हा ताणून केलेला अर्थ नाही.

तरी या प्रवाशाला सर्वांत जास्त छळते ती घरून फोनवर विचारलेली गोष्ट: ‘तू येईपर्यंत थांबायचं, की उरकून घ्यायचं?’ शवागाराची सोय असल्याने थांबणे आता शक्य झाले आहे. शास्त्राचा कल मात्र थांबण्याकडे नाही. रात्रभर राहिलेल्या प्रेताच्या दहनासाठी प्रायश्चित्त सांगितले आहे. मुलगा जवळ नसेल तर नातू, पत्नी, भाऊ, मुलीचा मुलगा अशी अधिकाऱ्यांची लांबलचक मालिका दिली आहे, ती अशाच वेळेसाठी. त्यापुढे एक ठाम नियम आहे: सगोत्र असो वा असगोत्र, स्त्री असो वा पुरुष, पहिल्या दिवशी ज्याने पिंड दिला त्यानेच दहा दिवस पूर्ण करावेत. म्हणजे तिसऱ्या दिवशी पोचलेल्या मुलाने पुतण्याच्या हातातून क्रिया काढून घ्यायची नाही. त्याने तिलांजली द्यावी, दहाव्याला घाटावर उभे राहावे आणि पुढचे सपिंडीकरण हाती घ्यावे. ‘मी नव्हतो म्हणून वडिलांना गती मिळाली नाही’ ही कल्पना अनेकांना वर्षानुवर्षे पोखरते. शास्त्रग्रंथांत तिला आधार नाही, हे पुरोहितांनी अशा घरी आवर्जून सांगायला हवे.

या उदारतेमागे मीमांसेचा सिद्धांत आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात नित्य आणि काम्य कर्मांत फरक केला आहे. फळाच्या इच्छेने केलेले काम्य कर्म सर्व अंगांसह झाले तरच फळ देते. नित्य कर्माची गोष्ट वेगळी. ते टाळता येत नाही, म्हणून जेवढी अंगे शक्य असतील तेवढ्यांनिशी केले तरी ते पुरे होते. आई-वडिलांचे ऋण फेडणे हे कोणत्याही फळासाठी केलेले कर्म नव्हे. ते नित्याच्या बाजूला ठेवले, तर कर्तव्याची मर्यादा सामर्थ्य ठरवते. ज्याला सहा तासांनंतरचेच विमान मिळाले, त्याचे कर्तव्य त्या विमानात बसण्यापाशी सुरू होते. त्याआधीचे सहा तास त्याच्या खात्यावर नाहीत.

मुलींच्या बाबतीत मात्र परंपरा कोती आहे. विवाहित मुलीला आई-वडिलांचे सुतक तीन रात्रींचे. ती सिडनीहून किंवा टोरोंटोहून निघाली, तर त्यातला मोठा हिस्सा प्रवासातच सरतो, आणि घरी पोचल्यावर ‘तुझं फिटलं’ असे कुणीतरी सांगते. बातमी ऐकून ज्याच्यावर बंधन पडते त्याचे दुःख गोत्र बदलल्याने कमी होत नाही. पहिल्या दिवशी पिंड देणाऱ्याच्या नियमात ‘स्त्री असो वा पुरुष’ असे स्वच्छ म्हटलेले असताना, मुलीने दहा दिवस पाळायचे ठरवले तर तिला अडवण्याचे कारण नाही. आज अनेक मराठी घरांत मुली अग्नी देतात आणि दहा दिवस पाळतातही.

दिवस मोजताना विमानाच्या घड्याळाने घोळ होतो. संध्याकाळी निघून पूर्वेकडे उडताना रात्र आखडते आणि सूर्य लवकर उगवतो. सॅन फ्रान्सिस्कोहून पॅसिफिकवरून येणाऱ्याची तर एक तारीखच गळते. अशा वेळी मरण जिथे झाले तिथल्या दिवसांनी मोजणे सर्वांत सरळ, कारण क्रिया तिथे चाललेली असते आणि दहावा दिवस सर्वांचा एकच असावा लागतो.

वर्षश्राद्धाला हा हिशेब उलटा होतो. मृत्यूच्या क्षणी चालू असलेली तिथी सूर्य-चंद्रांच्या अंतरावरून ठरते, म्हणून ती पुण्यात आणि न्यू जर्सीत एकच असते, तीच मृततिथी. पण पुढच्या वर्षी श्राद्धाचा दिवस ठरतो तो त्या तिथीने अपराह्णकाळ कुठे व्यापला आहे यावरून, आणि अपराह्ण प्रत्येक गावाच्या सूर्याचा वेगळा. त्यामुळे पुण्यातल्या भावाचे श्राद्ध आणि अमेरिकेतल्या भावाचे श्राद्ध कधी कधी वेगवेगळ्या तारखांना येते. दोघांनी आपापल्या गावाच्या पंचांगाने करावे.