सलगीचा शब्द

पाटसहून सकाळी पुण्याकडे निघणाऱ्या गाडीत हल्ली दोन तऱ्हांची अभिवादने कानी पडतात. वडीलधाऱ्यांचे ‘रामराम’, ‘नमस्कार’ चालू असतात, तर शेजारीच त्यांची मुले एकमेकांना ‘हाय’, ‘हे’, ‘व्हॉट्स अप’ म्हणत असतात. शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी इंग्रजी हवी, याविषयी आता फारसे दुमत उरलेले नाही. परंतु इंग्रजीतील ही सैल, सलगीची अभिवादने शिष्टाचाराला धरून आहेत काय, असा प्रश्न अनेक आईवडिलांना पडतो. तो क्षुल्लक नाही.

इंग्रजीत लहानमोठा हा भेदच नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ अशा तीन पायऱ्या. इंग्रजीत धन्याला आणि चाकराला एकच ‘यू’. तेव्हा कोणालाही काहीही म्हटले तरी चालते, असा निष्कर्ष काढला जातो. तो बरोबर नाही. इंग्रजीतही एके काळी ‘दाऊ’ हे एकेरी सर्वनाम होते. सतराव्या शतकात ते प्रमाण बोलीतून मागे पडले आणि आदर दाखविण्याचे बरेचसे काम अभिवादनाकडे व संबोधनाकडे आले. ‘गुड मॉर्निंग, सर’ आणि ‘हे’ यांच्यातील अंतर आपल्या ‘अहो’ आणि ‘अरे’ यांच्यातील अंतरासारखेच आहे. मुलाखतीला गेलेला तरुण अधिकाऱ्यांना ‘व्हॉट्स अप’ म्हणतो, तेव्हा नकळत ‘काय रे, काय चाललंय?’ असेच म्हणून जातो. हे दोन मित्रांत गोड वाटते. तेथे मात्र पायरी चुकते.

मग पायऱ्या पाळणे हाच सद्गुण मानावा काय? आपल्या महाराष्ट्राचा अनुभव सावध करणारा आहे. जुन्या गावगाड्यात महारांना इतरांपुढे ‘जोहार’ करावा लागे. त्या एका शब्दात त्यांची पायरी ठरवून टाकलेली असे. कामठीच्या बाबू हरदास (१९०४–१९३९) यांनी रूढ केलेल्या ‘जय भीम’ने ती पायरी नाकारली. साहेबाला आणि शिपायाला सारख्याच आपुलकीने म्हटलेल्या ‘हाय’मध्येही समतेचा अंश आहे, हे आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

तथापि समता दोन वाटांनी येऊ शकते. तुकोबांची पालखी पाटसवरून रोटी घाटाकडे जाते, तेव्हा वारकरी एकमेकांना ‘माऊली’ म्हणून परस्परांच्या पायांना हात लावतात. वय, प्रतिष्ठा कोणी विचारीत नाही. तेथे सर्वांना खाली ओढून नव्हे, तर सर्वांना वर उचलून समता साधली जाते. सलगीचा शब्द या वाटेने जातो की दुसऱ्या, हे तो उच्चारणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते.

कारण केवळ शब्दात काहीच सुरक्षित नाही. मूळ ग्रीक शुभवर्तमानांत ‘खैरे’ हे नित्याचे अभिवादन आहे. देवदूत मरियेला तेच म्हणतो. चुंबन घेऊन गुरूला पकडून देणारा यहूदाही तेच म्हणतो. काट्यांचा मुकुट घातलेल्या येशूची थट्टा करणारे शिपाई तेच म्हणतात. आणि पुनरुत्थित येशू कबरेपासून निघालेल्या स्त्रियांना भेटतो, तेव्हा त्याच्या मुखीही त्याच शब्दाचे अनेकवचन आहे. शब्द एक, परंतु एका ठिकाणी वंदन, दुसऱ्या ठिकाणी विश्वासघात, तिसऱ्या ठिकाणी उपहास आणि चौथ्या ठिकाणी आनंद.

म्हणून मुलांना ‘हाय’ म्हणू नका, असे सांगण्यात अर्थ नाही. त्यांना दोन गोष्टी शिकवाव्यात. पहिली, सलगी द्यायची असते, घ्यायची नसते. वयाने वा अधिकाराने मोठ्या असलेल्या माणसाने ती देऊ केली, तर आनंदाने स्वीकारावी. तोवर ‘गुड मॉर्निंग’ बरे. ज्याच्यावर आपला अधिकार चालतो, त्याला मात्र ती आपणच आधी देऊ करावी. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. आपण कोणाला कसे अभिवादन करतो, यापेक्षा कोणाला मुळीच करीत नाही, हे पाहावे. घरी धुणेभांडी करायला येणारी बाई, स्थानकावर झाडू मारणारा माणूस, चहा आणून देणारा पोऱ्या यांच्या वाट्याला ना ‘नमस्कार’ येतो, ना ‘हाय’. त्यांच्याशी मान वर करून बोललेला साधा सलगीचा शब्दही त्या मौनापेक्षा अधिक सभ्य ठरेल.