हाताच्या कामालाही मार्क हवेत

मलकापूरच्या शेतकऱ्याला विहिरीवरची मोटार जळणे नवीन नाही. तीनपैकी एक फेज जाते, मोटार उरलेल्या दोन फेजांवर रेटत राहते, वाइंडिंगमधून जादा करंट वाहतो आणि तार तापून वार्निश करपते. रिवाइंडिंगच्या दुकानात कारागीर जुनी तार उपसण्याआधी वेढे मोजतो, तारेचा गेज पाहतो, कुठल्या खाचेत कुठली कॉइल होती ते कागदावर उतरवून घेतो. नवी कॉइल भरली की वार्निश पाजून वाळवतो आणि मेगरने इन्सुलेशन तपासतो. एखादा वेढा चुकला तर मोटार चार दिवसांत परत दुकानात येते. बारावीच्या भौतिकशास्त्रातले विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे प्रकरण याच कामामागचे शास्त्र सांगते. ते पाठ करून पैकीच्या पैकी मार्क घेणारा मुलगा आणि हा कारागीर एकाच गावात राहतात, पण शाळा त्यांची गाठ कधी घालून देत नाही.

ही गाठ अकरावी-बारावीतल्या प्रत्येक मुलामुलीसाठी पडली पाहिजे आणि तिला इतर विषयांच्या तोडीचे मार्क असले पाहिजेत. व्यवसाय शिक्षणाची वेगळी शाखा काढून हे साधत नाही, हे आपण अनुभवले आहे. 1986च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिकचे 10 टक्के विद्यार्थी 1990पर्यंत आणि 25 टक्के 1995पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळवायचे ठरवले होते. ते जमले नाही, म्हणून 1992मध्ये मुदत अनुक्रमे 1995 आणि 2000पर्यंत पुढे ढकलली. महाराष्ट्रात 1988-89पासून एमसीव्हीसी, म्हणजे किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम, सुरू झाले. आखणी चांगली होती. पण 'एमसीव्हीसीला टाकलं' म्हटले की ऐकणारा समजून जायचा, पोराला सायन्स मिळाले नाही. जी वाट कमी मार्कांवाल्यांसाठी राखून ठेवली, तिला मान कुठून मिळणार?

त्याआधीची, 1978-79ची द्विलक्षी अभ्यासक्रमाची कल्पना मला जास्त शहाणी वाटते. सायन्सचा विद्यार्थी एक भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडून 200 मार्कांचा व्यवसाय विषय घेऊ शकत होता. मार्क चांगले पडतात म्हणून हुशार मुलेही इलेक्ट्रॉनिक्स घ्यायची. त्यात मला काही वावगे दिसत नाही. मार्कांच्या ओढीने का होईना, ती मुले वर्कशॉपमध्ये गेली. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983पासून हेच शाळकरी मुलांसाठी करून दाखवले. मुलांनी वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजजोडणी शिकायची आणि ते काम गावाच्या उपयोगी पडले पाहिजे. अकरावीत मात्र तीच मुले पुन्हा बाकावर बसतात आणि अनेकांचे आईबाप नीटच्या क्लाससाठी अकोल्याचा रस्ता धरतात.

मलकापूरला शिकण्याजोगे काय आहे, असे कुणी विचारू नये. कापसाच्या हंगामात इथल्या एखाद्या जिनिंगमध्ये उभे राहून पाहावे. क्विंटलभर कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, बाकी मुख्यतः सरकी. 170 किलोची एक गाठ बांधायची तर पाच क्विंटल कापूस लागतो. रुईचा उतारा किलोभराने घटला तरी साऱ्या हंगामाचा हिशेब बदलतो. कॉमर्सच्या मुलाला नफा-तोट्याचे यापेक्षा जिवंत उदाहरण कुठे मिळेल? रोलर आणि पात्याची जुळणी बिघडली तर धागा तुटतो किंवा सरकी फुटून रुईत येते. हे फिटरला आवाजावरून कळते. कापसातला ओलावा, धाग्याची लांबी, रुईची प्रत हे सगळे मोजण्याचे, म्हणजे प्रयोगवहीचे विषय आहेत. जिनिंगमध्ये कापूस वेचून साफ करायला बायका असतात आणि यंत्रावर पुरुष. शाळेतून शिकायला जाणाऱ्या मुलींनी यंत्रही उघडून पाहिले पाहिजे.

एक आक्षेप मात्र मनापासून ऐकावा लागतो. पिढ्यान्‌पिढ्या जातीने हातात दिलेले काम करून जी घरे आत्ता कुठे पुस्तकापर्यंत पोचली, त्यांना 'पुन्हा हातकामाकडे या' हे सांगणे जाचक वाटते. 1937ला वर्ध्यात मांडल्या गेलेल्या, हातकामातून शिकवणाऱ्या नई तालीमवरही हा संशय होताच आणि तो अनाठायी नव्हता. म्हणूनच हा विषय गरिबाच्या पोराला ऐच्छिक आणि डॉक्टरच्या पोराला माफ असा ठेवू नये. तो दोघांनाही सक्तीचा हवा आणि त्यामुळे पदवीचे, इंजिनिअरिंगचे, मेडिकलचे कुठलेच दार बंद होता कामा नये.

2020च्या धोरणाने 2025पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव मिळेल असे म्हटले होते. ते सालही आले आणि गेले. मलकापूरच्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या संचालकांना माझी विनंती आहे, की नव्या परिपत्रकाची वाट पाहू नका. येत्या हंगामाआधी जिनिंगवाले, रिवाइंडिंगवाले आणि आयटीआयचे निदेशक यांना एकत्र बसवा, मुलांच्या सुरक्षेची आणि विम्याची तजवीज करा, कारागिराला शिकवण्याचे मानधन द्या आणि आठवड्यातला एक दिवस वेळापत्रकात या कामासाठी मोकळा ठेवा.