रडीचा डाव आणि बंद दार : सहक्रीडेच्या नैतिकतेविषयी

आधुनिक साहित्यविचारात 'खेळ' ही संकल्पना प्रतिष्ठित झाली ती प्रामुख्याने संहितेच्या संदर्भात. चिन्हांचा खेळ, अर्थाचा खेळ, वाचकाचा संहितेशी चालणारा खेळ हे शब्दप्रयोग आपल्या समीक्षेत आता रुळले आहेत. या साऱ्या चर्चेत एक घटक मात्र विस्मृतीत गेलेला दिसतो, आणि तो म्हणजे भिडू. चिन्हे परस्परांशी खेळतात तेव्हा त्यांतले कोणी रुसून घरी जात नाही. माणसे जातात. एकत्र बसून एखादे कल्पित विश्व उभारणाऱ्यांपैकी एकाचे इतरांशी जमेनासे झाले तर काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता व्यवहाराचा, फार तर शिष्टाचाराचा वाटतो. माझ्या मते तो नैतिक प्रश्न आहे, आणि कल्पिताच्या स्वरूपाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

मेजाभोवती बसून खेळायचा भूमिकाखेळ रूढ झाला तो गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या खेळापासून. चार-सहा जण बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने काय करायचे ते बोलतात, आणि फलित अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. रंगमंच नाही, प्रेक्षक नाहीत, आणि मुख्य म्हणजे संहिता नाही. पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थी शिवाजी पार्क परिसरातील एका घरी असा गट चालवतात. त्यांच्या बोलण्यातून या खेळातली नित्याची अडचण माझ्या ध्यानात आली. एकाला लढाई हवी असते, दुसरीला पात्रांमधला संवाद, तिसऱ्याला केवळ जिंकणे. चौथ्याला दुसऱ्याच्या पात्राला छळण्यात रस असतो आणि हटकले की तो म्हणतो, ''मी नाही, माझे पात्रच तसे आहे.'' गट मोडतात ते बहुधा या चौथ्यामुळे. परंतु ज्याला गटाबाहेर जावे लागते तो पुष्कळदा हा चौथा नसतोच, त्याच्यावर चिडून मध्येच उठलेला पाचवा असतो.

शिवाजी पार्कच्या मैदानावर एकाच वेळी अनेक डाव चाललेले असतात. एका सामन्यातला सीमेवरचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या खेळपट्टीपाशी उभा असतो; परक्या डावाचा चेंडू आला तर उचलून परत फेकायचा, एवढा संकेत सर्वांना पुरतो. आपण निरनिराळे डाव खेळत आहोत हे तेथे प्रत्येकाला ठाऊक असते. मेजाभोवती ते ठाऊक नसते. एकच डाव चालला आहे अशी सर्वांची समजूत असते आणि प्रत्यक्षात चार चाललेले असतात. म्हणून भिडूंच्या विसंगतीला स्वभावदोष मानून मोकळे होणे मला उथळपणाचे वाटते.

आपल्याकडच्या मुलांच्या खेळांनी या विसंगतीची व्यवस्था फार आधीपासून लावून ठेवली आहे. आपल्या समीक्षेने तिच्याकडे लक्ष दिले नाही, हा भाग वेगळा. 'कच्चे लिंबू' म्हणून घेतलेले लहान मूल सर्वांबरोबर धावते, पण त्याच्यावर राज्य येत नाही. खेळ तोच राहतो, हरण्याचे परिणाम तेवढे त्याच्यापुरते स्थगित होतात. 'टाइम प्लीज' कोणीही केव्हाही म्हणू शकतो. कारण पायातली चप्पल तुटल्याचे असो की दम लागल्याचे, ते सिद्ध करून दाखवावे लागत नाही. तिसरी संज्ञा 'रडीचा डाव'. पहिल्या दोन संज्ञा भिडूचे रक्षण करतात, ही तिसरी खेळाचे. बाद होऊनही बाद न मानणारा आणि संतापून डावच मोडणारा, या दोघांवरही ती सारखीच डकवली जाते.

योहान हुइझिंगा यांनी 'होमो लुडेन्स' (१९३८) या ग्रंथात या दोघांना वेगळे केले आहे. लबाडी करणारा निदान खेळाचे वर्तुळ मान्य करतो, तो खेळण्याचे सोंग तरी टिकवतो. डाव मोडणारा त्या वर्तुळाचीच नाजूकता उघडी पाडतो, म्हणून समाज लबाडाला माफ करतो, त्याला करत नाही. हे निरीक्षण मार्मिक आहे, पण अपुरे आहे. वर्तुळाचे रक्षण ही गोष्ट त्यात निरपवादपणे इष्ट धरलेली आहे. सर्व नियम पाळून, वर्तुळ अभंग ठेवून, त्याच वर्तुळाची ढाल करून दुसऱ्यावर घाव घालणारा जो तिसरा, त्याला या विभागणीत जागाच नाही.

या तिसऱ्याचे सर्वांत सखोल चित्रण मराठीत झाले आहे. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगायनने १९६७ साली अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले. त्याकडे आपण स्त्रीवर समाजाने चालवलेला खटला म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु रचनेच्या दृष्टीने ते भूमिकाखेळाचे नाटक आहे, हे पुरेसे लक्षात घेतले गेलेले नाही. मुंबईची हौशी मंडळी खेडेगावी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला आली आहेत. रात्रीचा ठरलेला खटला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावरचा, अण्वस्त्रांसंबंधीचा. नवख्या सामंताला पद्धत कळावी आणि वेळही जावा म्हणून दुपारी दुसराच एक खटला खेळायचे ठरते. बेणारे आत गेलेली असताना तिला आरोपी करण्याचा बेत होतो, आणि ती परतते तो तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. खेळायला तिची संमती होती. या खेळाला नव्हती. पुढे जे घडते ते नियमांना धरून घडते. साक्षी होतात, उलटतपासण्या होतात. काशीकर तर न्यायाधीशाची जागा सोडून स्वतःच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येतात, म्हणजे सूत्रधारच भिडू होतो, आणि याला कोणाची हरकत नसते. बेणारे जायला निघते तेव्हा दार उघडत नाही. तिने रागावून खेळ मोडू नये, आपण तर गंमत करतो आहोत, हा इतरांचा सूर आहे. रडीचा डाव तिचा ठरतो.

येथे एक भेद करणे आवश्यक आहे. १९६७ च्या प्रयोगात बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे करीत होत्या. त्या रंगमंचावर पाऊल टाकत तेव्हा आरोप कोणता, निकाल कोणता, पडदा केव्हा, हे सारे त्यांना ठाऊक असे. बेणारेला यांतले काहीच ठाऊक नाही. वेदना दोन्हीकडे आहे. परंतु नटीपाशी संहिता आहे आणि पात्रापाशी ती नाही. 'कलेत अस्वस्थता हवीच, ज्याला सोसत नाही त्याने खेळू नये' हा युक्तिवाद भूमिकाखेळातही ऐकू येतो. त्यात नटीचे सामर्थ्य बेणारेवर लादण्याची चूक आहे. मेजाभोवतीचा भिडू देशपांडे यांच्या जागी नसतो, तो बेणारेच्या जागी असतो. पुढचे वाक्य काय येणार हे त्याला माहीत नसते, आणि ते त्याच्या पात्राला लागेल की त्याला, हे उच्चारणाऱ्यालाही कित्येकदा माहीत नसते. संहितेने जे संरक्षण दिले असते ते येथे दुसऱ्या कशाने तरी द्यावे लागते.

ते सूत्रधाराने द्यावे, असे सहज सुचते. सूत्रधार मात्र तटस्थतेला आपला धर्म समजतो. द्यूतसभेत द्रौपदीने प्रश्न विचारला तो फाशांच्या खरेखोटेपणाबद्दल नव्हता; स्वतःला हरलेल्याला दुसऱ्या कोणाला पणाला लावता येते काय, असा होता. ती खेळत नव्हती, तिला खेळात ओढले होते. भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगितले आणि निर्णय टाळला. विकर्ण बोलला, पण त्याच्यापाशी अधिकार नव्हता. जेथे एका भिडूकडे बाहेर पडण्याची वाट उरलेली नाही तेथे तटस्थता म्हणजे वाट अडवणाऱ्याला दिलेले मत असते.

अलीकडे अशा गटांत फुलीचे एक पान मेजावर ठेवण्याची रीत निघाली आहे. कोणीही त्यावर बोट ठेवले की चालू मजकूर सोडून द्यायचा, कारण विचारायचे नाही. याला सेन्सॉरशिप म्हणणारे आहेत. तेंडुलकरांच्या नाटकांनी सेन्सॉरशी दिलेला झगडा आठवता मराठी वाचकाला हा आक्षेप हलका वाटणार नाही. तरी तो येथे लागू नाही. सेन्सॉर विषयावर बंदी घालतो. फुलीचे पान तो विषय एका विशिष्ट माणसावर, त्याच्या समक्ष, त्या क्षणी वापरण्यास प्रतिबंध करते. ते 'टाइम प्लीज'चेच प्रौढ रूप आहे. त्याची किंमत मात्र आहे, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. चौघांनी महिनोन्‌महिने रचलेले विश्व पाचव्याच्या एका बोटाने थांबते, त्या बोटामागे कधी खरी वेदना असते तर कधी नुसती हरण्याची भीती, आणि कारण विचारायचे नाही हा नियम असल्यामुळे यांतले काय खरे ते कळण्याची सोय नसते. ही हानी पत्करावी असे माझे मत आहे. थांबलेला डाव पुन्हा मांडता येतो.

गट मोडण्याचीही आपण नको इतकी धास्ती घेतो. रंगायनमधून बाहेर पडलेल्यांनी १९७१ साली आविष्कार स्थापन केली, आणि १९७४ पासून शिवाजी पार्कहून चालत जाण्याच्या अंतरावरील छबिलदास शाळेच्या सभागृहात जे घडले त्याला आज मराठी प्रायोगिक रंगभूमीचा एक पर्व म्हणून आपण ओळखतो. मंडळी एकाच डावात अडकून राहिली असती तर ते सभागृह कदाचित शाळेपुरतेच राहिले असते.

तेंडुलकरांच्या नाटकात अखेरीस दार उघडते ते बाहेरून, प्रयोगाला आलेल्या गावकऱ्यांमुळे. खेळ संपला, मनावर घेऊ नकोस, असे म्हणत मंडळी रात्रीच्या खऱ्या प्रयोगाच्या तयारीला लागतात. बेणारे हलत नाही. गैरहजर साक्षीदाराच्या जागी उभा केलेला, त्या गटातले कच्चे लिंबू म्हणता येईल असा सामंत तेवढा घुटमळतो. त्याच्या तोंडूनही कादंबरीतली वाक्ये साक्ष म्हणून वदवून घेतलेली आहेत. पुतण्यासाठी आणलेला कापडी हिरवा पोपट तो तिच्याजवळ ठेवतो आणि निघून जातो.