कुलूप लावलेले चॅपल
(मार्क ९:३८-४०)



आजच्या शुभवर्तमानात योहान तक्रार घेऊन येतो: कोणी एक जण येशूच्या नावाने भुते काढत होता, तो आपल्यातला नाही म्हणून शिष्यांनी त्याला मनाई केली. योहानाला वाटले असेल, गुरुजी शाबासकी देतील! येशू म्हणतो, त्याला अडवू नका.

'आपल्यातला' ह्या शब्दापायी अमेरिकेतील कॅथलिकांनी पुष्कळ सोसले. मेरीलँड ही वसाहत १६३४ साली लॉर्ड बाल्टिमोर ह्यांच्या कॅथलिक घराण्याने वसवली. निरनिराळ्या पंथांच्या ख्रिस्ती लोकांना तेथे आसरा होता. पुढे सत्ता फिरली. १७०४ साली सेंट मेरीज सिटीमधील विटांच्या चॅपलला गव्हर्नरच्या हुकमाने कुलूप ठोकले गेले. मिस्सा घराच्या चार भिंतींआड गेली. १७१८ साली मताचा हक्कही गेला. चार्ल्स कॅरल हे तेथील बडे जमीनदार, पण कॅथलिक म्हणून त्यांना मत देता येत नव्हते.

१७७६ साली दिवस पालटले. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे कॅरल हे एकमेव कॅथलिक. त्याच वर्षी मेरीलँडच्या नव्या राज्यघटनेने सर्व ख्रिस्ती लोकांना धर्मस्वातंत्र्याचे समान संरक्षण दिले. नॉर्थ कॅरोलिनाच्या त्याच वर्षीच्या घटनेने मात्र प्रॉटेस्टंट धर्म न मानणाऱ्यांना सरकारी पदे नाकारली. तेव्हा मेरीलँडमध्ये आपल्या लोकांना केवढा आनंद झाला असेल!

पण त्या घटनेतला शब्द पुन्हा वाचा: 'ख्रिस्ती'. सरकारी पद हवे तर ख्रिस्ती धर्मावर विश्वास असल्याचे जाहीर करावे लागे. म्हणजे यहुद्यांच्या दाराचे कुलूप तसेच राहिले. ही घटना लिहिणाऱ्या समितीत कॅरल स्वतः होते. चॅपलचे कुलूप ज्यांच्या घराण्याने पाहिले, त्यांना हे दुसरे कुलूप दिसायला हवे होते, असे मला तरी वाटते. ह्या कथेत बंद चॅपलबाहेर उभे राहणे आपल्याला सोपे जाते. योहानाशेजारी उभे राहणे जड जाते.

यहुद्यांसाठी १८१८ पासून झटले ते थॉमस केनेडी नावाचे ख्रिस्ती आमदार. आपली एकाही यहुदी माणसाशी ओळख नाही, असे त्यांनी सभागृहात सांगितले होते. ह्याच प्रश्नावरून १८२३ साली लोकांनी त्यांना पाडले. ते पुन्हा निवडून आले आणि १८२६ साली कायदा बदलला. त्याच वर्षी बाल्टिमोरच्या नगर परिषदेत दोन यहुदी सभासद निवडून आले.