नांवाचा वारसा

एकाच नांवाच्या दोन युद्धनौका पाठोपाठ आल्या म्हणजे पहिलीची कीर्ति दुसरीस मिळते काय? हिंगोली जिल्ह्यांतील आमचें साखरा समुद्रापासून पुष्कळच दूर. परंतु हा प्रश्न तेथील पाळण्यालाहि अपरिचित नाहीं. आजोबांचें नांव नातवास ठेवीत, आणि सासऱ्याचें नांव तोंडानें घ्यावयाचें नाहीं म्हणून सून त्याच मुलास दुसऱ्या नांवानें हांक मारी. म्हणजे नांव नातवाकडे आलें तरी तें आजोबांचेंच राही. नातू केवळ त्याचा विश्वस्त.

पहिली 'विक्रांत' १९६१ सालीं आरमारांत दाखल झाली. तिचा सांगाडा इंग्रजांनीं 'हर्क्युलीस' या नांवानें बांधावयास घेऊन अपुरा ठेविलेला होता, हें सहसा कोणी आठवीत नाहीं. १९७१ च्या युद्धांत तिच्या विमानांनीं चितगांव व कॉक्सबझार येथें मारा केला. १९९७ सालीं ती निवृत्त झाली, कांहीं वर्षें मुंबईस संग्रहालय म्हणून उभी राहिली, आणि २०१४ सालीं मोडींत विकली जाऊन मुंबईच्याच दारूखान्यांत तिचे तुकडे झाले. पुढें २ सप्टेंबर २०२२ रोजीं कोचीन येथें बांधलेली नवी नौका दाखल झाली. नांव तेंच, आर-११ हा क्रमांकहि तोच. 'विक्रांतचा पुनर्जन्म झाला' असें तेव्हां पुष्कळांनीं म्हटलें. थीसियसच्या जहाजाची एकेक फळी बदलली तर तें तेंच जहाज राहतें काय, असा ग्रीकांचा वाद होता. येथें तर एकहि फळी पुढें आली नाहीं! नव्या नौकेचें मोल स्वतंत्र आहे, तें मी कमी लेखीत नाहीं. परंतु जिला जपण्याचा खर्च आपणांस जड झाला, ती परत आली असें म्हणणें म्हणजे आपल्या विसरावर नांवाचें पांघरूण घालणें होय.

'खुकरी'ची गोष्ट निराळी. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्रीं दीवनजीक पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीनें ती बुडविली. १८ अधिकारी व १७६ खलाशी गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला नौकेबरोबरच गेले. जपावयास कांहींच उरलें नव्हतें. १९८९ सालीं माझगांव गोदींत बांधलेल्या नव्या नौकेस तें नांव दिलें, तेव्हां तिच्यावरील तरुणांस त्या १९४ जणांचें शौर्य आपोआप मिळालें नाहीं. तसें समजणें हा मृतांचा अपमानच होता. त्यांस मिळालें तें ऋण, आणि तें रोज कपाळावर वागविण्याचें काम. दुसरी 'खुकरी' बत्तीस वर्षें तें नांव चालवून डिसेंबर २०२१ मध्यें निवृत्त झाली. तिला मोडींत काढलें नाहीं. पुढच्याच महिन्यांत स्मारकासाठीं ती दीवच्या प्रशासनाकडे सोपविण्यांत आली.